बाळंतिणीच्या खोलीतले सल्ले : कोल्हापूर परिसरातील बालसंगोपनाचा एक इतिहास

कोल्हापूर संस्थानात आणि त्याला लागून असलेल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मूल जन्माला घालणे आणि त्याला पहिली दोन वर्षे जगवणे हे काम जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांच्या हातात होते, आणि त्या कामाचे सारे ज्ञान सुईण, सासू, माहेरची म्हातारी व गल्लीतली एखादी जाणती बाई यांच्या तोंडीच राहत असे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होई. घराच्या मागच्या अंगाची, वारा लागू नये म्हणून बंद ठेवलेली खोली, तीत बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा, बाळंतशोपा व वेखंड यांची धुरी अशी व्यवस्था असे. या ज्ञानाला सरसकट अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळ-बाळंतिणीचे रोजचे अंगमर्दन यांमागे पिढ्यांचा अनुभव होता, आणि सव्वा महिना कामाला हात न लावण्याच्या नियमाने शेतात राबणाऱ्या बाईला जी विश्रांती मिळे ती कोणत्याही कायद्याने मिळत नव्हती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, पण तोही कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. मात्र याच खोलीत, याच विश्वासाने आणि याच तोंडांतून, बाळाच्या जिवावर उठणारे सल्लेही दिले जात, आणि ते इतकी वर्षे का टिकले हा इतिहासाचा प्रश्न आहे.

त्यांतला सर्वांत व्यापक सल्ला आईच्या पहिल्या दुधाविषयीचा होता. प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो शिळा, जड आणि बाळाला बाधणारा आहे अशी समजूत असल्याने तो पिळून टाकला जाई, आणि खरे दूध उतरेपर्यंत बाळाला मधाचे बोट, गुळाचे पाणी, एरंडेल किंवा दुसऱ्या एखाद्या लेकुरवाळीचे दूध दिले जाई. या समजुतीला ग्रंथाचा आधार नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीनंतर तीन-चार दिवसांनी दूध प्रवर्तित होते असे सांगून मधल्या दिवसांत बाळाला मध व तूप यांचे औषधीयुक्त चाटण द्यावे असे म्हटले आहे, आणि जातकर्म या संस्कारातही सोन्याच्या स्पर्शासह मध-तूप चाटवण्याचा विधी आहे. तेव्हा ज्याला आज खेड्यातली रूढी म्हणतात तिचा एक धागा थेट वैद्यकाच्या पोथीपर्यंत जातो. चिकात बाळाचे रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये सर्वाधिक असतात हे आधुनिक शरीरशास्त्राने दाखवून दिले, आणि मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळांना बोट्युलिझम हा पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो हे १९७६ नंतर अमेरिकेतील संशोधनातून कळले. म्हणजे एकाच सल्ल्यात जे द्यायला हवे ते टाकले जाई आणि जे टाळायला हवे ते दिले जाई. दूधदुभत्यासाठी नावाजलेल्या कोल्हापुरात या गोष्टीतला विरोध विशेष उठून दिसतो. म्हैस व्यायली की तिच्या चिकाचा खरवस घरोघरी वाटला जाई, रेडकासाठी चिकाचा वाटा राखला जाई, आणि तो न मिळालेले रेडकू अशक्त निघते हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक होते. गोठ्यातले हे ज्ञान माजघर ओलांडून बाळंतिणीच्या खोलीत गेले नाही, कारण गोठ्यातला जाणता आणि खोलीतली जाणती ही माणसे वेगळी होती.

दुसरा सल्ला नाळेचा. नाळ विळ्याने, दगडाने किंवा घरात असेल त्या पात्याने कापून तिच्या टोकाला राख, हळद, तेल, क्वचित शेणाची राख किंवा शेण लावण्याचा प्रघात महाराष्ट्राच्या अनेक भागांत होता. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जिवाणू असतात आणि ओल्या नाळेतून ते बाळाच्या शरीरात शिरतात. मग जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी बाळ अंगावर ओढेनासे होते, त्याचा जबडा बसतो, अंग ताठते आणि बहुतेक वेळा ते दगावते. सटवाईची पूजा नेमकी याच काळात, म्हणजे पाचवीच्या आणि काही घरांत सहावीच्या रात्री, येते. पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद व लेखणी ठेवून, दिवा विझू न देता स्त्रिया रात्रभर जागतात, आणि त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी श्रद्धा आहे. बाळ जाण्याचे भय ज्या दिवसांत सर्वांत जास्त असे त्याच दिवसांत हा जागर बसावा हा निव्वळ योगायोग नसावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने धोक्याची वेळ अचूक हेरली होती, पण धोक्याचे कारण मात्र हेरले नव्हते.

वाईट सल्ला का टिकतो याचे उत्तर येथेच सापडते. बाळ जगले तर श्रेय सुईणीच्या हाताला आणि म्हातारीच्या अनुभवाला मिळे. ते गेले तर सटवाईने तेवढेच लिहिले होते, कुणाची दृष्ट लागली होती किंवा बाळंतिणीने काही पथ्य मोडले होते. सल्ल्याचे यश सल्लागाराच्या खात्यावर आणि अपयश देवीच्या किंवा आईच्या खात्यावर जमा होत राहिले, की तो सल्ला चुकीचा ठरण्याची वेळच येत नाही. ज्या घरात मुले वाचत नसत त्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा किंवा भिकू ठेवावे, मुलगा असला तरी त्याचे नाक टोचावे, म्हणजे नेणाऱ्या शक्तीला तो टाकाऊ वाटेल, हा सल्लाही याच हिशेबातला. फरक इतकाच की त्याने बाळाला काही अपाय होत नसे, आणि कोल्हापूरच्या जुन्या हजेरीपटांना मात्र त्याने भरपूर नावे पुरवली.

बाळगुटीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बाळहिरडा, वेखंड, मायफळ, जायफळ, मुरडशेंग, काकडशिंगी, अतिविष, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम अशी द्रव्ये सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळून बाळाला चाटवणे म्हणजे गुटी देणे. मात्रा वेढ्यांत मोजली जाई. वेढा म्हणजे सहाणेवर औषधाचे एकदा गोल फिरवणे, आणि कोणत्या महिन्यात कशाचे किती वेढे द्यायचे याचे नियम घरोघरी पाठ असत. यात काटेकोरपणा होता हे मान्य करावे लागते, पण जायफळाचा एखादा वेढा जास्त झाला की बाळाला गुंगी येते हेही त्याच घरांना माहीत होते, आणि रडणारे मूल गप्प होणे हाच औषधाचा गुण मानला की गुंगीलाही गुण म्हटले जाते. याच तर्काच्या टोकाला अफू होती. कोल्हापूर, सातारा आणि रत्नागिरीकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बायकांना दिवसभर मूल चाळीत ठेवून खात्यावर उभे राहावे लागे, आणि त्याने झोपून राहावे म्हणून त्याला बाळगोळी, म्हणजे अफू असलेली छोटी गोळी, दिली जाई. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे नोंदवले. हा आकडा पाहून आयांना दोष देणे सोपे आहे. पण बाळगोळीचा सल्ला अज्ञानातून कमी आणि पाळणाघर नसलेल्या गिरणीच्या भोंग्यातून जास्त आला होता.

कोल्हापुरात या साऱ्याला पहिले आव्हान ज्या व्यक्तीकडून मिळायचे होते ती तेथे कधी पोहोचलीच नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्या १४ वर्षांच्या असताना जन्मल्यानंतर दहा दिवसांत गेले होते. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली ती आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून, आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागावर नेमले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना २२ वे वर्षही पुरे झालेले नव्हते. जुन्या ग्रंथांतले प्रसूतिज्ञान आणि अमेरिकेतले वैद्यक ही दोन्ही जाणणारी, शिवाय स्वतःचे बाळ गमावलेली बाई कोल्हापूरच्या सुईणींशी काय बोलली असती याची कल्पनाच करता येते. ते काम पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाबाई केळवकर यांच्याकडे आले. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानातील मुलींच्या शिक्षणाचे काम पाहत. कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि शाहू महाराजांनी त्यांना याच रुग्णालयात नेमून पुढील शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवले. पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत पुरुष डॉक्टर पोहोचू शकत नसल्याने अशा नेमणुकीचे महत्त्व मोठे होते.

देवीच्या रोगाबाबत मात्र आईबापांच्या हट्टाकडे थोडे सहानुभूतीने पाहावे लागते. मुलाच्या अंगावर फोड आले की देवी आल्या असे मानून घरात फोडणी द्यायची नाही, औषध करायचे नाही, परक्याला आत घ्यायचे नाही आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, हे नियम होते. त्यांतला परक्याला आत न घेण्याचा नियम रोगाचा प्रसार रोखणाराच होता. मुंबईत १८०२ मध्ये लस आली, परंतु नंतर कित्येक दशके ती एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी दिली जाई, आणि या पद्धतीत जातीची शिवाशिव जशी आड येत होती तसा दुसऱ्याच्या रोगाचा संसर्गही खरोखरच संभवत होता. मूल लपवून ठेवा हा शेजारणीचा सल्ला म्हणून पूर्णपणे मूर्खपणाचा नव्हता. वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागल्यावर, आणि बेळगावात ती बनवणारी संस्था उभी राहिल्यावर, हा आक्षेप फोल ठरला. तरी भीती तिच्या कारणापेक्षा बरीच अधिक काळ जगली. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदवला गेला तोवर टोचणाऱ्याला पाहून दारे लागत होती.

छापील सल्ला तोंडी सल्ल्यापेक्षा शहाणा असतो हा सुशिक्षितांचा गैरसमज विसाव्या शतकाने दूर करायला हवा होता. न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांच्या शिकवणुकीने इंग्रजी जाणणाऱ्या घरांत घड्याळ लावून चार-चार तासांनी दूध पाजण्याचे आणि रडणाऱ्या बाळाला न उचलण्याचे शास्त्र आणले. डब्याचे दूध विकणाऱ्या कंपन्यांनी गुबगुबीत बाळांची चित्रे दाखवून आईचे दूध अपुरे असल्याची शंका पेरली. आणि विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये नॉटिंगहॅमला तयार केलेले ग्राइप वॉटर मराठी घरांत इतके रुळले की बारशाच्या भेटींतही ते येऊ लागले, जरी त्याच्या मूळ कृतीत सुमारे ३.६ टक्के मद्यार्क होता आणि तो ब्रिटनमध्ये थेट १९९० च्या दशकात काढला गेला. जायफळाच्या जास्तीच्या वेढ्याला हसणाऱ्या घरातच ही बाटली असे. आजीचा सल्ला चुकला तर निदान आजी त्याच घरात राहत होती. कंपनीला जाब विचारण्याची सोय नव्हती. भारतात शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातींवर बंधन घालणारा कायदा १९९२ मध्ये झाला.

या प्रदेशाचा विचार करताना एक सल्ला टाळता येत नाही, कारण त्याची किंमत तान्हेपणी नव्हे तर पुढे जन्मभर मोजावी लागे. मुलीच्या केसांत जट झाली, म्हणजे न विंचरल्याने, न धुतल्याने आणि वर तेल-भंडारा लावत राहिल्याने केसांचा गुंता घट्ट झाला, की ते सौंदत्तीच्या यल्लमाचे बोलावणे आहे, ती कापू नका, मुलगी देवीला सोडा, नाहीतर घरावर कोप होईल, असे गडहिंग्लज-निपाणी भागात देवऋषी आणि जोगतिणी सांगत. साबण, तेल आणि कात्री यांनी सुटणाऱ्या प्रश्नापायी गरीब, बहुतांशी दलित घरांतल्या मुली देवदासी झाल्या. शाहू महाराजांनी १९२० मध्ये संस्थानात जोगत्या-मुरळी प्रतिबंधक कायदा केला, १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, आणि महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलनाचा कायदा व्हायला २००५ साल उजाडले. चिकाचा किंवा राखेचा सल्ला देणारी बाई बाळाचे भलेच चिंतीत होती. जटेचा सल्ला देणाऱ्यांचा त्यात लाभ होता, आणि इतिहासाने या दोन्हींना अंधश्रद्धा या एकाच रकान्यात टाकू नये.

अलीकडच्या काळात जो बदल झाला तो उपदेशापेक्षा नोंदीने घडवला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. प्रत्येक जन्म, प्रत्येक आजार आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवल्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये दाखवता आले, आणि त्याच धर्तीवर आज देशभर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पाचवीची पूजा कोल्हापुरात अजून होते आणि तिने कुणाचे काही बिघडत नाही. पण तयार बाळगुटीच्या पुड्या, पुष्य नक्षत्रावरची सुवर्णप्राशनाची शिबिरे आणि चाटणातला मध हे सारे चालूच असल्याने, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका हे वाक्य आशा सेविकेला घरोघरी नव्याने सांगावे लागते.