मोह आणि परस्पर प्रोत्साहन (ख्रिस्ती जीवन)

माणसाला पापाकडे ओढणाऱ्या आंतरिक वासनेला किंवा बाहेरच्या प्रलोभनाला ख्रिस्ती आचारधर्मात मोह म्हणतात. मोहापासून दूर राहणे आणि इतर विश्वासणाऱ्यांना विश्वासात टिकण्यासाठी बळ देणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे मानली जातात. एकटा माणूस मोहापुढे दुबळा ठरतो, म्हणून त्याला सावरण्याची जबाबदारी मंडळीवरही असते, हे या शिकवणीचे सार आहे.

मोह होणे हे पाप नाही. त्याला संमती देणे हे पाप होय. अरण्यात चाळीस दिवस उपास केल्यावर येशूलाही मोह झाला, असे शुभवर्तमाने सांगतात. दगडांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी घेणे आणि जगातील राज्ये मिळवणे ही तिन्ही प्रलोभने त्याने अनुवाद या ग्रंथातील वचनांच्या आधारे परतवली. याकोबाच्या पत्रात पापाचा क्रम सांगितला आहे : वासनेतून पाप जन्मते आणि पापातून मरण. देव कोणालाही पापाच्या मोहात पाडत नाही, असेही हे पत्र निक्षून सांगते. मोहाबरोबर देव सुटकेचा मार्गही ठेवतो, असा दिलासा प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिला आहे.

मोह टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे त्या प्रसंगापासून दूर जाणे. पोटीफराच्या पत्नीने धरलेले आपले वस्त्र तिच्या हातात सोडून पळालेला जुन्या करारातील योसेफ हे त्याचे परिचित उदाहरण. जागृत राहून प्रार्थना करणे, शास्त्रवाचन आणि उपवास हे इतर उपाय होत. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी पापाचे प्रसंगही टाळण्याचा निश्चय केला जातो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या मते मोह गुप्त राहिला की बळावतो. अनुभवी मार्गदर्शकाला तो सांगितला की त्याचा जोर ओसरतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम घालून दिले. गटाने दर आठवड्याला जमावे आणि प्रत्येकाने आपली पापे व मोह मोकळेपणाने सांगावेत, अशी त्यांत अपेक्षा होती.

पापाच्या फसवणुकीने कोणाचे मन कठीण होऊ नये म्हणून विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना दररोज बोध करावा आणि एकत्र जमणे सोडू नये, असे इब्री लोकांस पत्र सांगते. चुकलेल्याला सौम्यपणे सावरावे आणि सावरणाऱ्याने स्वतःलाही जपावे, ही सूचना गलतीकरांस पत्रात आहे. बर्णबाचे चरित्र हा याचा उत्तम नमुना होय. यरुशलेमेतील शिष्य शौलाला (म्हणजे पुढच्या पौलाला) भीत असता बर्णबाने त्याची बाजू मांडली. प्रवासात साथ सोडून गेलेल्या मार्काला पौलाने नाकारले, तेव्हा बर्णबाने त्याला जवळ केले. पुढे तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच मार्क उपयोगी असल्याचे म्हटले आहे.

नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासात या शिकवणीचे प्रत्यक्ष रूप दिसते. एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणाऱ्याला घर, जात आणि उपजीविका गमवावी लागे. पूर्वीच्या आयुष्याकडे परतण्याचा मोह त्यामुळे तीव्र असे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. तेथे निवारा, शिक्षण आणि हाताला काम मिळे. गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तेथे वाढली. त्यांपैकी काहींनी १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ वसलेल्या फ्रीअरटाउनमध्ये मुक्त झालेल्या इतर गुलामांना आधार दिला.

टिळक कुटुंबाचा अनुभवही महत्त्वाचा आहे. कवी नारायण वामन टिळक यांचे काही शिक्षण नाशिकला झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावर स्वतःच्या विचाराने लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पुढे नेले. १९३६ मध्ये नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास आला आहे. टिळकांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. स्तोत्रे आणि गीते यांनी एकमेकांना बोध करावा, ही कलस्सैकरांस पत्रातील सूचना त्यांतून मराठी वळणाने आचरणात येते.

आजच्या मंडळ्यांत साप्ताहिक उपासना, प्रभुभोजन, घरप्रार्थना, बायबल वर्ग, महिला मंडळ व तरुण संघ यांतून हे प्रोत्साहन दिले जाते. आजाऱ्याची भेट, व्यसन सोडू पाहणाऱ्याची सोबत आणि बेकार झालेल्याला मदत हेही त्याचेच भाग होत. राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या उपवासकाळात आत्मपरीक्षणावर विशेष भर असतो.

प्रोत्साहनाला मर्यादाही आहेत. दुसऱ्यावर पाळत ठेवणे, विश्वासाने सांगितलेली गोष्ट चर्चेचा विषय करणे किंवा पडलेल्याला लाजवणे हे त्यात बसत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील क्रमानुसार अपराध्याशी आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांसह, आणि शेवटीच मंडळीपुढे प्रश्न न्यावा. अपराध्याला पुन्हा आपल्यात मिळवणे हाच या साऱ्याचा हेतू आहे.