मुंडे, डॉ. प्रीतम गोपीनाथराव

(१७ फेब्रुवारी १९८३ – ). त्वचारोगतज्ज्ञ आणि भारतीय जनता पक्षाच्या नेत्या. सोळाव्या व सतराव्या लोकसभेत (२०१४–२०२४) बीड मतदारसंघाच्या खासदार. वडील गोपीनाथ मुंडे हे महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री व केंद्रीय मंत्री. आई प्रज्ञा या भाजपचे दिवंगत नेते प्रमोद महाजन यांच्या भगिनी. पंकजा मुंडे या थोरल्या बहीण. माजी खासदार पूनम महाजन या मामेबहीण. एका कुटुंबवेलीतल्या तीन मुली एकाच दशकात निवडून आलेल्या लोकप्रतिनिधी असाव्यात, हे महाराष्ट्रात तरी क्वचित घडले आहे. प्रीतम या तिघींतल्या धाकट्या आणि राजकारणात सर्वांत उशिरा आलेल्या.

त्यांचा प्रवेश ठरवून झालेला नव्हता. घरातला राजकीय वारसा पंकजा यांच्याकडे जाणार हे २००९ मध्येच स्पष्ट झाले होते. त्या वर्षी गोपीनाथराव लोकसभेत गेले आणि परळीची विधानसभेची जागा पंकजा यांना मिळाली. प्रीतम यांनी वैद्यकशास्त्राचा रस्ता धरला होता. २६ मे २०१४ रोजी गोपीनाथरावांनी केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेतली, ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले आणि ३ जूनला दिल्लीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी परळीत पंकजा यांनी वडिलांना अग्नी दिला. बीडची रिकामी झालेली जागा कोणी लढवायची, या प्रश्नाला घरातून उत्तर आले ते धाकट्या बहिणीचे. पंकजा राज्यात, प्रीतम दिल्लीत, अशी ती वाटणी होती.

पोटनिवडणूक विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच, १५ ऑक्टोबर २०१४ रोजी झाली. घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले मोठे गाव, पण विधानसभेला परळी मतदारसंघात मोडणारे. तिथल्या मतदारासमोर त्या दिवशी दोन यंत्रे होती: एकावर पंकजा यांचे नाव, दुसऱ्यावर प्रीतम यांचे. पहिल्या यंत्रावर लढत खरीखुरी होती, कारण पंकजा यांच्यासमोर चुलतभाऊ धनंजय मुंडे उभे होते. दुसऱ्यावर ती जवळपास नव्हतीच. राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवार दिला नाही. भाजपशी युती तुटून महिनाही झाला नव्हता, तरी शिवसेनेनेही दिला नाही. काँग्रेसचे अशोकराव पाटील तेवढे रिंगणात होते.

प्रीतम यांना ९,२२,४१६ मते पडली, पाटील यांना २,२६,०९५. मताधिक्य ६,९६,३२१. पाचच महिन्यांपूर्वी गोपीनाथरावांनी याच मतदारसंघात सुरेश धस यांना १,३६,४५४ मतांनी हरवले होते. म्हणजे मुलीचे मताधिक्य वडिलांच्या पाचपट. लोकसभेच्या इतिहासात तोवरचा उच्चांक पश्चिम बंगालमधल्या आरामबागचे माकप खासदार अनिल बसू यांच्या नावावर होता (२००४, ५,९२,५०२). बीडने तो एक लाखाहून अधिक मतांनी मोडला आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे कोणाला तो मोडता आला नाही. २०१९ च्या लाटेतही नाही. २०२४ मध्ये इंदूरच्या शंकर लालवानींनी ११,७५,०९२ मतांचे मताधिक्य घेतले, तेव्हा बीडचा आकडा मागे पडला. पण इंदूरमध्ये मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली होती आणि बीडमध्येही प्रमुख पक्ष बाजूला झाले होते. असे आकडे उमेदवाराच्या बळापेक्षा रिकाम्या मैदानाची रुंदी अधिक सांगतात. प्रीतम यांची खरी परीक्षा या निवडणुकीत झालीच नाही.

ती झाली २०१९ मध्ये. १८ एप्रिलला मतदान झाले आणि समोर होते राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे. सहानुभूती ओसरली होती, धनंजय मुंडे पूर्ण ताकदीने विरोधात होते, दुष्काळाचे वर्ष होते. प्रीतम यांनी ६,७८,१७५ मते घेत १,६८,३६८ मतांनी जागा राखली. हे मताधिक्य विक्रमाच्या यादीत कुठेच नाही, तरी कारकिर्दीचा हिशोब मांडायचा तर याच आकड्यावरून मांडावा. वडिलांना २०१४ मध्ये मिळालेल्या मताधिक्याहून ते सुमारे ३२ हजारांनी जास्त होते. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, परळीत पंकजा धनंजय यांच्याकडून ३०,७०१ मतांनी हरल्या. पुढची साडेचार वर्षे गोपीनाथरावांच्या घरात लोकांनी निवडून दिलेले एकच पद उरले, ते प्रीतम यांचे.

बीडला स्त्री खासदार नवीन नव्हती. हा मतदारसंघ मुळातच मनस्वी. १९६७ मध्ये त्याने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले, १९७७ मध्ये माकपच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना. काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदा लोकसभेत गेल्या. १९९६ मध्ये रजनी पाटील वयाच्या सदतिसाव्या वर्षी निवडून आल्या त्या भाजपच्या तिकिटावर. पुढे त्या काँग्रेसच्या राज्यसभा सदस्य झाल्या. केशरकाकू गावपातळीवरून चढत वर गेलेल्या. प्रीतम यांच्या आयुष्यातली पहिली निवडणूकच लोकसभेची होती आणि तेव्हा त्यांचे वय होते एकतीस. त्या वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या तरुण स्त्री खासदारांत रावेरच्या रक्षा खडसे आणि नंदुरबारच्या डॉ. हीना गावित याहूनही लहान, सत्तावीसच्या आतबाहेरच्या होत्या. तिघींमागेही घरातल्या पुरुषाचे राजकारण होते, हे नोंदवले नाही तर नोंद अपुरी राहील.

ज्या जिल्ह्याने डॉक्टर असलेली मुलगी दिल्लीला पाठवली, त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यातले हे सर्वांत कमी प्रमाण.

खासदार म्हणून त्यांच्याकडून जिल्ह्याची पहिली मागणी होती ती रेल्वेची. अहमदनगर (आता अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. त्यानंतर दोन दशके तो बीडच्या प्रत्येक निवडणुकीचा मुद्दा होऊन बसला. रेल्वेच्या बाबतीत बीड जिल्हा विचित्र आहे. परळी आणि घाटनांदूर ही पूर्वेकडची गावे विकाराबादकडे जाणाऱ्या मार्गावर आहेत. अंबाजोगाईकर गाडी पकडायला घाटनांदूरला येतात. जिल्ह्याच्या ठिकाणाला मात्र रूळच नव्हता. गोपीनाथरावांनी या मार्गाचा पाठपुरावा केला, निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले आणि त्यांच्या पश्चात कामाला गती आली. प्रीतम यांच्या कार्यकाळात, २३ सप्टेंबर २०२२ रोजी, नगर ते आष्टी या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी सुरू झाली. बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तेव्हा त्या खासदार नव्हत्या.

केंद्रात मंत्रिपद त्यांना मिळाले नाही. जुलै २०२१ मध्ये मंत्रिमंडळ विस्ताराआधी त्यांचे नाव जोरात चर्चेत होते. ७ जुलैला शपथ घेतली ती औरंगाबादच्या डॉ. भागवत कराडांनी. तेही मुंडे कुटुंबाप्रमाणे वंजारी समाजातले, तेही डॉक्टर आणि गोपीनाथरावांच्याच तालमीत वाढलेले. त्यामुळे निवड बीडमध्ये अधिकच झोंबली. पदाधिकाऱ्यांनी राजीनाम्यांचा सपाटा लावला. पंकजा यांनी वरळीत सगळ्यांना बोलावून ते नामंजूर केले. या साऱ्या धामधुमीत स्वतः प्रीतम फारशा बोलल्या नाहीत. बोलायचे काम थोरल्या बहिणीचे, हे घरात ठरलेले असावे असे त्यांच्या दहा वर्षांकडे पाहून वाटते.

त्या एकदा मात्र बोलल्या, आणि ते पक्षाच्या सोयीचे नव्हते. २०२३ च्या मेमध्ये महिला कुस्तीपटू दिल्लीत आंदोलन करत होत्या, लैंगिक छळाचे आरोप भाजपचेच खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर होते आणि सत्ताधारी बाकांवर शांतता होती. बीडमध्ये पत्रकारांशी बोलताना प्रीतम म्हणाल्या, की कोणत्याही स्त्रीने अशी तक्रार केली तर तिची दखल घेतली गेली पाहिजे. या खेळाडूंशी जसा संवाद व्हायला हवा होता तसा झाला नाही. सत्ताधारी पक्षाच्या फार थोड्या खासदारांनी तेव्हा इतके स्पष्ट शब्द वापरले. त्यांच्या कारकिर्दीत वडिलांच्या किंवा बहिणीच्या सावलीबाहेरचा क्षण शोधायचा तर तो हाच.

सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केले. सहा महिन्यांनी, १३ मार्च २०२४ रोजी भाजपची यादी आली. बीडमध्ये प्रीतम यांच्या जागी पंकजा यांचे नाव होते. २०१४ ची वाटणी उलटी झाली होती, फरक इतकाच की धाकटीला राज्यात काही मिळाले नाही. प्रचारसभेत पंकजा यांनी प्रीतमला नाशिकमधून उभी करीन असे बोलून दाखवले. त्यावर वाद झाला आणि ते तिथेच राहिले. प्रीतम बहिणीच्या प्रचारात फिरल्या. तोवर भाजपबरोबर महायुतीत आलेले धनंजय मुंडेही फिरले. मराठा आणि ओबीसी अशी उभी फूट पडलेल्या त्या निवडणुकीत पंकजा ६,५५३ मतांनी हरल्या. जिंकले बजरंग सोनवणे, ज्यांना पाच वर्षांपूर्वी प्रीतम यांनी हरवले होते. पंकजा पुढे विधान परिषदेवर आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यात मंत्री झाल्या.

प्रीतम यांनी लढवलेल्या दोन्ही निवडणुका जिंकल्या. मतदाराने त्यांना कधी घरी पाठवलेले नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून आठ स्त्रिया लोकसभेत गेल्या होत्या. त्यांपैकी तिघींना (प्रीतम मुंडे, पूनम महाजन, भावना गवळी) २०२४ मध्ये उमेदवारीच मिळाली नाही, तिघी (हीना गावित, भारती पवार, नवनीत राणा) पराभूत झाल्या आणि परत निवडून आल्या त्या दोघीच, बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि रावेरच्या रक्षा खडसे.