कोलोसियमवर एकेकाळी रान माजलं होतं, ते बघायचं तर १७८० सालची ही जलरंग चित्रं बघा

कोलोसियमचा फोटो तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. साफसूफ दगड, कमानी, मधोमध उघडी पडलेली तळघरं आणि सेल्फी घेणारी गर्दी. पण फ्रान्सिस टाऊन नावाचा इंग्रज चित्रकार १७८० मध्ये तिथे गेला, तेव्हा चित्र पार वेगळं होतं. तळघरं मातीखाली गाडलेली होती. भिंतींवरून वेली लोंबत होत्या, कमानींच्या फटीफटींतून झुडपं उगवली होती.

इसवी सन ८० मध्ये सुरू झालेल्या या वास्तूची दक्षिणेकडची बाजू १३४९ च्या भूकंपात ढासळली. मग रोमकरांनी तिचे दगड काढून काढून आपली बांधकामं उभी केली. अठराव्या शतकाच्या मध्यात पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी आत क्रॉस उभारला, जागा पवित्र ठरवली आणि ही लूट थांबली. झाडोरा मात्र वाढतच राहिला. १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन यांनी या एकाच वास्तूवरच्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात ४२० जाती आहेत!

त्या काळी श्रीमंत इंग्रजांची पोरं शिक्षणाचा भाग म्हणून इटलीची वारी करायची. टाऊन त्यांच्यातला नव्हता. घोडागाड्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली शिकून तो पुढे आला आणि एक्झेटर गावात चित्रकलेच्या शिकवण्या घेऊन पोट भरायचा. चाळिशीच्या आसपास तो रोमला पोचला आणि साधारण वर्षभर भग्न वास्तूंपुढे बसून चित्रं काढत राहिला.

त्याची पद्धत साधी होती. आधी पेन्सिल, मग शाईची स्वच्छ रेघ आणि त्यावर पातळ रंगाचा सपाट हात. जिथे ऊन पडलंय तिथे बऱ्याचदा कागदाचा पांढरेपणाच सोडून दिलेला. त्याचं 'कोलोसियमच्या आत' हे चित्र बघितलं की जाणवतं, की हा माणूस वादळ, वीज असलं काही घालून नाट्य उभं करत नाही. भिंत केवढी प्रचंड आहे आणि ऊन कुठून येतंय, एवढंच तो सांगतो, आणि तेवढं पुरतं.

गंमत म्हणजे अनेक चित्रांवर त्याने जागा, तारीख आणि क्रमांकासोबत वेळही लिहून ठेवली आहे. सकाळ की संध्याकाळ, उजेड डावीकडून की उजवीकडून. आज आपला मोबाईल फोटोसोबत वेळ नोंदवतो, तसंच काहीसं.

एवढं करून त्याला मान मिळाला का? नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या सदस्यत्वासाठी तो १७८८ ते १८०३ या काळात ११ वेळा उभा राहिला आणि प्रत्येक वेळी पडला. कुणी त्याला गावाकडचा ड्रॉइंग मास्तर म्हटलेलं त्याला भयंकर झोंबायचं. अकॅडमी दाद देईना, तेव्हा १८०५ मध्ये त्याने लंडनमध्ये आपलं स्वतःचं प्रदर्शन भरवलं. पण तोवर टर्नरसारख्या तरुणांचा जमाना आला होता आणि टाऊनची रेघ जुनाट वाटू लागली होती.

मग त्याने वेगळी वाट धरली. रोमची चित्रं विकून विखरू देण्यापेक्षा ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकायची! १८१६ मध्ये तो वारला आणि ७५ चित्रं म्युझियममध्ये जमा झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल ऑपे या संग्राहकाला टाऊनची इतर चित्रं मेरिवेल कुटुंबाकडे सापडली. १९२० मध्ये त्याने टाऊनवर सविस्तर लेख लिहिला. एकेकाळी जुनाट ठरलेले ते सपाट आकार आता लोकांना चक्क आधुनिक वाटायला लागले.

तोवर कोलोसियम बदललं होतं. इटली एक झाल्यावर १८७० च्या दशकात पुरातत्त्ववाल्यांनी भिंतींवरची झाडी उपटून काढली, कारण मुळं दगड फोडत होती. कारण योग्यच होतं. पण टाऊनने पाहिलेलं कोलोसियम त्यासोबत गेलं.

उजेडाने जलरंग फिके पडतात, म्हणून अशी चित्रं कायम भिंतीवर टांगून ठेवत नाहीत. टाऊनच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा, २०१६ मध्ये, ब्रिटिश म्युझियमने त्याच्या रोमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. एरवी म्युझियमच्या वेबसाइटवर टाऊनचं नाव टाकून शोधलं, तर ती घरबसल्या बघता येतात.