गव्हाणीचा खर्च किती?



आगमनकाळाचा पहिला रविवार आला की घराघरांत दोन याद्या सुरू होतात. एक फराळाच्या सामानाची, दुसरी कपड्यांची. यांच्यामागे एक तिसरी यादीही असते, पण ती कोणी कागदावर लिहीत नाही. कोणाकडून किती उसने घ्यायचे, कोणता दागिना गहाण टाकायचा, जानेवारीतली शाळेची फी कशी पुढे ढकलायची, अशी ती यादी. धर्मग्रामातल्या घरभेटींना गेलो की आम्हा स्वयंसेवकांच्या कानावर हे येते. बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारात, हलक्या आवाजात. वर्षभराची ओढाताण माणूस सोसतो, पण नाताळच्या मिस्साला मुलांच्या अंगावर गेल्या वर्षीचेच कपडे दिसले तर लोक काय म्हणतील, हे त्याला सोसवत नाही.

म्हणून या आगमनकाळात आम्ही थोडे इतिहासाकडे वळायचे ठरवले. नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाणी येते, आगमनकाळाचे मेणबत्त्यांचे चक्र येते, 'सायलेंट नाइट' हे गीत येते, फराळाचे ताट येते. या गोष्टी मुळात आल्या कुठून? ज्यांनी त्या पहिल्यांदा केल्या त्यांच्या गाठीला तेव्हा काय होते?

कोकराऐवजी दोन पाखरे

सुरुवात पवित्र कुटुंबापासूनच करू. संत लूक दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेल्याचा प्रसंग सांगतो. हा सण आपण २ फेब्रुवारीला साजरा करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बाळंतिणीने शुद्धीकरणाच्या वेळी एक वर्षाचे कोकरू आणि एक पाखरू अर्पण करायचे असे. पण लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात याच नियमाला एक सवलत जोडलेली आहे. कोकराची ऐपत नसेल, तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले पुरेत.

मरिया आणि योसेफ यांच्या अर्पणाबद्दल सांगताना लूक कोकराचे नावच घेत नाही. तो फक्त पाखरांचा उल्लेख करतो. नियमशास्त्र जाणणाऱ्या वाचकाला तेवढ्यावरून कळत असे की हे घर हातावर पोट असलेले आहे. विशेष म्हणजे ते अर्पण अपुरे ठरले नाही. नियमानेच गरिबाच्या पाखराला कोकराएवढा मान दिला होता. त्याच मंदिरात वृद्ध शिमोनाने बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुती केली आणि हन्नाने सर्वांना त्याच्याविषयी सांगितले. या दोघांपैकी कोणीही, कोकरू का आणले नाही, असे विचारल्याचे लूक लिहीत नाही.

ग्रेच्चो गावचे गवत

आता आपल्या चर्चमधल्या गव्हाणीकडे पाहू. तिची परंपरा ज्या रात्रीपासून सांगितली जाते, ती रात्र इ. स. १२२३ मधली. ठिकाण इटलीतील रिएती खोऱ्यातले ग्रेच्चो हे डोंगराळ गाव. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी जॉन नावाच्या आपल्या एका ओळखीच्या सद्गृहस्थाला निरोप पाठवला. बेथलेहेमच्या बाळाने कोणत्या अडचणी सोसल्या, ते कसे गवतावर निजले होते, हे आपल्याला डोळ्यांनी पाहायचे आहे, असा त्या निरोपाचा आशय होता.

तयारी काय झाली? एक गव्हाण, थोडे वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. हे सारे त्या डोंगराळ मुलखात सहज मिळणारे. आसपासचे लोक मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले. गव्हाणीपाशी ख्रिस्तयाग झाला. फ्रान्सिस यांनी उपयाजक या नात्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि प्रवचन केले. चेलानोच्या थॉमस यांनी काही वर्षांतच हा प्रसंग लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैल-गाढवांनाही रोजच्यापेक्षा जास्त वैरण मिळावी, अशी फ्रान्सिस यांची इच्छा होती. म्हणजे त्यांच्या हिशेबात नाताळचा जास्तीचा खर्च होता, पण तो दुसऱ्याच्या ताटात जाणारा होता.

पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१९ रोजी याच गावी गेले आणि तिथेच त्यांनी गव्हाणीविषयीच्या पत्रावर सही केली. आज बाजारात दिव्यांची, कारंज्यांची, हलत्या पुतळ्यांची गव्हाणी मिळते. ती घेणाऱ्याने आनंदाने घ्यावी. पण ज्याच्या घरी खोक्याचा पुठ्ठा, मूठभर पेंढा आणि मुलांनी मातीची केलेली चित्रे आहेत, त्याची गव्हाणी ग्रेच्चोच्या जास्त जवळची आहे.

बैलगाडीच्या चाकासारखे एक चाक

आगमनकाळात आपण हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती लावतो. या चक्राचा उगम एका अनाथ, उपेक्षित मुलांच्या घरात आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विशर्न या प्रोटेस्टंट धर्मसेवकाने १८३३ मध्ये 'राउहेस हाउस' नावाचे घर सुरू केले. झोपडपट्टीत वाढलेली, कोणाचा आधार नसलेली मुले तिथे राहत.

असे सांगतात की ती मुले डिसेंबरात सारखी विचारत, नाताळ कधी येणार? विशर्न यांनी १८३९ मध्ये गाडीचे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल, रविवारी एक पांढरी. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून २४ तारखेपर्यंत बरोबर २४ मेणबत्त्या होतात. मुलांना दिवस मोजता आले. हिरव्या डहाळ्या त्यावर नंतर चढल्या, आणि विसाव्या शतकात ही प्रथा आपल्या कॅथोलिक चर्चमध्येही आली.

योगायोग असा की त्याच १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह व्हिन्सेंट दी पॉल संघटना उभी केली. गरिबाच्या घरी स्वतः जायचे, हा तिचा पहिला नियम. आपल्या अनेक धर्मग्रामांत ही संघटना आजही घरभेटी देते.

नदीकाठचे गीत

ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ हे साल्झाख नदीकाठचे नावाड्यांचे गाव. नेपोलियनच्या युद्धांनी तो प्रदेश पिळून निघाला होता. १८१६ मध्ये नदीच देशांची सीमा ठरली आणि हे गाव पलीकडच्या लाउफेन या मूळ शहरापासून तुटले. सीमा गावाच्या मधून गेली की माणसांचे काय होते, हे बेळगाव भागातल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिके बुडाली आणि धान्य महागले.

अशा गावात योसेफ मोर हे तरुण सहायक धर्मगुरू होते. १७९२ मध्ये साल्झबुर्ग येथे एका अविवाहित आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. आई विणकाम करून पोट भरत असे. मोर यांनी १८१६ मध्ये लिहिलेली कविता शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचे शिक्षक फ्रान्झ झेवर ग्रुबर यांना दिली आणि ग्रुबर यांनी तिला चाल लावली. २४ डिसेंबर १८१८ रोजी चर्चमध्ये दोघांनी ते गीत एका गिटारच्या साथीने गायले. तेच आज 'सायलेंट नाइट' या नावाने जगभरातल्या भाषांत गायले जाते. पुढे वाग्राइन येथे असताना मोर यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा उभारायला मदत केली. १८४८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्यामागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

लंडनमधली भिशी

मग नाताळ महाग कधी झाला? याचे एक उत्तर १८४३ च्या लंडनमध्ये सापडते. त्या वर्षी हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळ कार्ड विक्रीला काढले. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. तेव्हा साधे पत्र एका पेनीत देशभर जात असे. म्हणजे टपालाच्या बारा पट किंमत नुसत्या कार्डाची. त्या कार्डावर मधोमध एक कुटुंब मेजवानी करताना दिसते, आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र दिल्याची चित्रे आहेत. कार्डे देण्याची प्रथा पसरली, पण कडेची ती दोन चित्रे मात्र पुढे हळूहळू विसरली गेली.

त्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही कथा पुस्तकरूपाने आली. किंमत पाच शिलिंग. कथेतला गरीब कारकून बॉब क्रॅचिट याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. त्याची गोष्ट सांगणारे पुस्तक विकत घ्यायला त्यालाच पगाराचा तिसरा हिस्सा लागला असता! पण त्याच्या घरचा नाताळ पाहा. एकच हंस आणि सारे घर त्याभोवती. घरी मोठी भट्टी नाही, म्हणून तो हंस बेकरीत भाजून आणलेला. आपल्याकडेही पत्र्याच्या ताटांत नानकटाईचे गोळे मांडून बेकरीच्या भट्टीवर नेण्याची रीत आहेच.

त्या काळी इंग्लंडमधली कष्टकरी कुटुंबे अशा हंसासाठी एक प्रकारची भिशी लावत. आठवड्याला थोडे पेन्स भरायचे आणि नाताळला हंस घरी न्यायचा. सण आधी साजरा करून नंतर फेडण्यापेक्षा, आधी साठवून मग साजरा करण्याची ही वाट.

आपले ताट

आपला 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवतात. त्याचे नाव पोर्तुगीज 'कोन्सोआदा' या शब्दावरून पडले. त्या ताटात काय असते? नेवऱ्या, कलकल, दोदोल. म्हणजे नारळ, गूळ, तांदूळ, रवा, मैदा. आपल्याकडच्या करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या यांचेही तेच. दिवाळीला शेजारच्या घरून आलेले ताट नाताळला भरून परत जाते. काट्याच्या पाठीवर कलकल वळायला सारे घर बसते. फराळाच्या खरेदीत पैसा लागतो हे खरे, पण त्यातला मोठा वाटा हातांचा असतो.

गोव्यातच राशोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्या इंग्रज येशूसंघी धर्मगुरूने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ती चर्चमध्ये वाचली जाऊ लागली. लोकांनी एकत्र बसून ऐकावे, एवढेच त्याला हवे होते.

या वर्षी काय करता येईल?

घरभेटींतून शिकलेल्या काही गोष्टी आम्ही इथे नम्रपणे सुचवतो.

पहिली, खर्चाचा कागद सर्वांनी मिळून करावा. मुलांनाही बसवावे. यंदा एवढेच आहेत, असे आईबापांनी सरळ सांगितले तर मुले समजून घेतात. न सांगता नाकारले की ती रुसतात.

दुसरी, संत लूकचे शुभवर्तमान २४ अध्यायांचे आहे. १ डिसेंबरपासून रोज रात्री एक अध्याय वाचला तर नाताळच्या आदल्या रात्री पूर्ण होते. वाचणारा रोज वेगळा असावा, धाकट्यालाही पाळी मिळावी.

तिसरी, फराळाचे पदार्थ चारऐवजी दोन करा, पण शेजारी जाणारे ताट बंद करू नका. त्यात चार करंज्या असल्या तरी चालेल.

चौथी, कर्ज काढू नका. जानेवारीपासून पाच-सहा घरांनी मिळून आठवड्याला ५० रुपये बाजूला टाकले, तर ४८ आठवड्यांत प्रत्येक घराचे २,४०० रुपये होतात.

आणि ज्यांच्याकडे देवाच्या कृपेने पुरेसे आहे, त्यांना एक विनंती. मिस्सानंतर चर्चच्या आवारात मुलांना, नवे कपडे कुठून घेतले, असे विचारू नका. गव्हाणीत कोण आहे, हे विचारा. काही घरांवरचे निम्मे ओझे एवढ्याने उतरेल.

हे प्रभू येशू, तुझ्या आईवडिलांनी तुझ्यासाठी दोन पाखरे वाहिली आणि पित्याने ती स्वीकारली. आमच्या घरात जे थोडे आहे तेही तू स्वीकार. उसने घ्यावे लागलेल्या घरांना धीर दे, भरलेल्या घरांना उघडा हात दे, आणि आम्हा सर्वांना तुझ्या गव्हाणीभोवती एकत्र बसव. आमेन.