राजधानी किती दूर?

गोंदियाहून मुंबई किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशाने जाणार? रेल्वेने साधारण ९७० किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये दुपारी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचं, म्हणजे सोळाएक तास. नकाशावर सरळ पट्टी ठेवली तर हेच अंतर सव्वाआठशेच्या आत भरतं. तेवढं कापायला पंख्याच्या लहान विमानालाही दोन तास पुरतात.

पण आमच्याकडे या अंतराची एक गंमत आहे. गंमत म्हणायचं, एवढंच! १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. पुढे १९५० मध्ये प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, तरी राजधानी नागपूरच. म्हणजे जवळजवळ पंचाण्णव वर्षं इथल्या माणसाची राजधानी होती फक्त १३० किलोमीटरवर. सकाळच्या गाडीने जावं, काम उरकावं, रात्रीच्या जेवणाला घरी.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. गोंदिया जागचं इंचभर हललं नाही, पण राजधानी एका दिवसात सातपटीहून अधिक लांब गेली. हायकोर्टाचं खंडपीठ तेवढं नागपुरात राहिलं. १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखून १९६० पासून हिवाळी अधिवेशनही तिथे भरतं. म्हणजे हिवाळ्यात काही दिवस राजधानी स्वतःच जवळ येते म्हणायची... मराठी मुलखात आलो याचा आनंद खराच, पण त्याचं भाडं आम्ही तासांत मोजलं. आजही रायपूर इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि आपल्याच राज्यातलं कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेसने तेराशेहून अधिक. एक अख्खा दिवस, वर काही तास.

आणि विमानतळ? तो तर कधीचा आहे. शहरापासून बारा-एक किलोमीटरवरची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास बांधली. युद्ध संपलं, धावपट्टी उरली. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्या बदलून परत फिरायची. देशाचा मध्य इथेच, हे टपालखात्याला बरोबर कळलं होतं. बिरसी मात्र गप्प. प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ हवाई वाहतूक खात्याचे मंत्री होते. त्या काळात बिरसीचं रूप पालटलं, वैमानिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. इथे शिकलेली पोरं जगभर विमानं नेऊ लागली, पण गोंदियाच्या माणसाला विमान धरायचं तर आधी नागपूरची रेल्वे धरावी लागे.

बांधल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, १३ मार्च २०२२ ला, उडान योजनेखाली बिरसीहून प्रवासी विमान उडालं. मार्ग इंदूर-गोंदिया-हैदराबाद. काही महिन्यांत ते बंद पडलं. मग १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोचं आलं: गोंदिया-हैदराबाद-तिरुपती. गोंदिया ते हैदराबाद हवाई अंतर पाचशेच्या थोडं वर, दीडएक तासाचा प्रवास.

पहिल्या विमानाने मध्य प्रदेश आणि तेलंगणा जोडले, दुसऱ्याने तेलंगणा आणि आंध्र. दोन्ही वेळा महाराष्ट्रातलं गाव एकच होतं.