वारा, पंखा आणि आपला विवेक



उन्हाळ्याचं विजेचं बिल आलं की घरोघरी एकच वाद सुरू होतो. पंखा कोण चालू ठेवून गेलं, एसी किती वाजता बंद झाला, वगैरे. आपण हा वाद पैशांचा समजतो. पण वीज आली त्याच्या कितीतरी आधीपासून वाऱ्याचा हिशोब आपल्या परंपरेत मांडला गेला आहे. आज त्याच इतिहासाकडे जरा पाहू.

आपल्याकडे वायू हा स्वतःच जीव मानला आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वनस्पती यांच्याबरोबर वायुकायही पाच स्थावरांत येतो. म्हणून दशवैकालिक सूत्रात साधू-साध्वींना वारा घालायला मनाई आहे, आणि ती फार बारकाईने केलेली आहे. पंखा तर नाहीच, पण पान, फांदी, पिसं, वस्त्राचं टोक, एवढंच काय, तोंडाची फुंकरही नाही. २२ परीषहांत शीत आणि उष्ण हे दोन्ही आहेत. ते त्यांनी समतेने सोसायचे.

गृहस्थाकडून एवढं होणार नाही, हे आचार्यांना ठाऊक होतं. रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. म्हणजे विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा हलवणं, वनस्पती तोडणं. स्वाध्यायात हे आपण अनेकदा ऐकलं असेल. इथे वजन ‘विनाकारण’ या शब्दावर आहे. श्रावकाला वारा घेण्याची बंदी नाही, पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मात्र नेमका या व्याख्येत बसतो!

मग वीज नसताना आपली माणसं राहत कशी होती? घरच तसं बांधलेलं असे. मातीच्या जाड भिंती दिवसभराची उष्णता हळूहळू घेत, ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असे. वाड्याच्या चौकात रात्रीची गार हवा खाली बसे आणि सकाळी उशिरापर्यंत टिके. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदावर मातीचा जाड थर असे, तोच घराचं ऊन अडवी. राजस्थानातही हीच युक्ती दिसते. जैसलमेरला पटवा या जैन व्यापारी घराण्याच्या हवेल्या पाहिल्या तर अरुंद गल्ल्या, दगडी जाळ्या आणि पुढे आलेले झरोके एकमेकांवर सावली धरून उभे आहेत. बांधताना एकदा खर्च झाला, पुढे रोजचा खर्च काही नाही.

श्रीमंतांना मात्र तेवढ्याने भागत नव्हतं. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लिहिलंय की अकबराच्या दरबारात सोरा घालून पाणी गार करत आणि वाळ्याच्या ताट्या भिजवून खोल्या थंड ठेवत. इंग्रजी अमलात छताला मोठा कापडी पंखा टांगून त्याची दोरी बाहेर बसलेला माणूस ओढी. साहेब झोपावा म्हणून तो रात्रभर जागे. १८३३ साली तर बॉस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्याला आला, आणि लवकरच मुंबईतही बर्फाचं कोठार झालं. आपल्या २२ अभक्ष्यांच्या यादीत बर्फ आहे, म्हणून हे विशेष सांगावंसं वाटलं. थंडावा विकत घ्यायची चीज झाली ती अशी.

१८८०च्या दशकात अमेरिकेत फिलिप डील यांनी शिवणयंत्राची विजेवरची मोटर छताला लावून पंखा केला. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारं यंत्र आखलं. कागद दमट हवेने फुगे, रंग जुळत नसत, म्हणून ते हवं होतं. म्हणजे आजचा एसी माणसांसाठी नव्हे, कागदासाठी जन्मला!

दोरी ओढणारा माणूस गेला, पण कष्ट गेले नाहीत, ते दृष्टीआड झाले. आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळसा जाळून होते. चंद्रपूरचं मोठं औष्णिक केंद्र ज्या गावाजवळ आहे, ते गाव स्वतः उन्हाळ्यात होरपळत असतं. बटण आपण दाबतो, अग्निकाय तिकडे पेटतो.

त्यातून आपली घरंही बदलली. वरच्या मजल्याचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री आपल्यावर सोडतो. म्हणून आधी ऊन अडवणं स्वस्त पडतं. गच्चीवर पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटईचा पडदा, आणि पहाटे सगळ्या खिडक्या उघडून दहाच्या आत बंद.

आता थोडा हिशोब. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रोज १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे साडेचौदा युनिटच्या आत. रिकाम्या खोलीत रोज ४ तास फिरणारा जुना पंखा महिन्याला ९ युनिट खातो. आणि महावितरणच्या बिलात १०० व ३०० युनिटच्या पायऱ्या ओलांडल्या की पुढच्या युनिटचा दर चढतो. एसी असेल तर ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असतात, ते त्यासाठीच. कूलर असेल तर टाकी दोन दिवसांनी रिकामी करून कोरडी करा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. जीव उत्पन्नच होऊ न देणं, ही यतना.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते. काटकसर असो की व्रत, ते स्वतःपुरतं असावं. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाई, बाळंतीण, तान्हं मूल किंवा स्वयंपाकघरात उभी राहणारी सून, यांचा पंखा बंद करून पुण्य लागत नाही. उष्माघाताने माणसं दगावतात. परीषह साधू स्वेच्छेने सोसतात, तो दुसऱ्यावर लादायचा नसतो. आणि बिल कमी करायचं म्हणून सर्वांत आधी बाईच्याच खोलीतला पंखा बंद व्हावा, हेही बरोबर नाही.

येत्या चातुर्मासात नियम घ्यायचा विचार असेल तर एक छोटा नियम सुचवते. खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने पंखा बंद करायचा. पैसे वाचतील, अनर्थदंडही टळेल.

जय जिनेंद्र.