‘हझार’ : एका आर्मेनियन संख्यावाचक शब्दाचा इतिहास

दहा शतांच्या संख्येला आर्मेनियन भाषेत ‘हझार’ म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द ऐकताच परिचित वाटतो. अशाच शब्दसाम्यामुळे आर्मेनियन ही इराणी शाखेतील भाषा आहे, असा समज एकोणिसाव्या शतकात रूढ झाला होता. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, अर्थविस्तार आणि भाषाशास्त्रीय महत्त्व यांचा थोडक्यात विचार केला आहे.

संस्कृत ‘सहस्र’ आणि इराणी ‘हझार’ मूलतः एकच होत. इराणी शाखेत ‘स’चा ‘ह’ झाला. आर्मेनियात इ. स. ४२८ पर्यंत पार्थियन वंशाच्या अर्सासिद घराण्याचे राज्य होते. त्या काळात दरबार, सैन्य व कारभार यांतील असंख्य इराणी शब्द आर्मेनियनमध्ये स्थिरावले. ‘हझारापेत’ हे त्यांपैकीच एक उच्च अधिकारपद. त्याचा शब्दशः अर्थ ‘सहस्रपती’. शिवकालीन सैन्यातील ‘हजारी’ या पदनामाची येथे सहज आठवण होते. मात्र मराठीतील ‘हजार’ फारसीतून, बऱ्याच नंतर आला.

पुढे हा शब्द दरबारापुरता राहिला नाही. ‘हझार ऊ मेक’ म्हणजे ‘हजार आणि एक’. त्यातून ‘असंख्य’ असा भाव व्यक्त होतो. लाकडी तुळयांचे थर एकावर एक रचून, मध्यभागी झरोका ठेवून बांधलेल्या पारंपरिक छताला ‘हझाराशेन’ म्हणतात.

हाइनरिश ह्यूब्शमान या जर्मन पंडिताने १८७५ मध्ये उसने शब्द व मूळचे शब्द यांची काटेकोर विभागणी केली. संस्कृत ‘पितृ’ व ‘पञ्च’ यांचे आर्मेनियन सगोत्र शब्द ‘हाय्र’ व ‘हिंग’ असे आहेत. मूळच्या शब्दांतील आद्य ‘प’चा तेथे ‘ह’ झाला. ‘पती’शी नाते सांगणाऱ्या ‘पेत’मध्ये मात्र ‘प’ टिकून आहे, कारण तो शब्द इराणीतून आलेला आहे. या विवेचनातून आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुलातील स्वतंत्र शाखा असल्याचे सिद्ध झाले.

तात्पर्य, कानाला सारखा वाटणारा ‘हझार’ उसना, तर अनोळखी वाटणारा ‘हिंग’ आपल्या ‘पाच’चा खरा आप्त ठरतो. भाषेचे कुल वरवरच्या साम्यावरून ठरत नाही; ते ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवरून ठरते. विष्णुसहस्रनाम म्हणणारा आणि व्यवहारात हजार मोजणारा मराठी समाज फारसीच्या कुळातला ठरत नाही, त्याचेही कारण हेच होय.